शीग धरून की सपाट?

माझा निबंध पोलंडमधल्या आर्थिक इतिहासाच्या परिषदेत घेतला गेला हे घरी सांगितलं, तेव्हा आईने विचारलं, ‘‘त्या लोकांना आपल्या जोंधळ्याचं काय पडलंय?’’ प्रश्न अगदीच गैर नव्हता. पेशवाईच्या शेवटच्या चाळीसेक वर्षांत बांधकामावर, बागेत, पागेत राबणाऱ्या माणसाला दिवसाला काय मिळायचं, हा माझा विषय. कुणाला नाणं, कुणाला धान्य, पुष्कळांना थोडं हे, थोडं ते. वेठीला धरून आणलेल्यांना कधी नुसतं पोटाला, कधी तेही नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात बसून मोडी हिशेबांतून हे आकडे मी चार वर्षं वेचत होते. त्यात पोलंड कुठून आलं?

आलं ते एका नावामुळे. व्हितोल्द कुला, विसाव्या शतकातला पोलिश आर्थिक इतिहासकार. एम.ए.ला असताना इमॅन्युएल वॉलरस्टाइन हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ वाचावा लागला होता आणि त्याच्या तळटीपांमध्ये पोलिश नावांची रांग लागलेली असे. मारियान माओव्हिस्त, कुला, येझी तोपोल्स्की. पूर्व युरोप मागे का पडला, या प्रश्नावर विसाव्या शतकात जगभर जी चर्चा झाली, तिचं बरंचसं इंधन वॉर्सा आणि पोझनानमधून गेलं होतं. ज्या देशात बहुसंख्य माणसं शतकानुशतकं पैशाशिवाय राबली, तिथल्या इतिहासकारांना ‘मजुरी म्हणजे काय’ हा प्रश्न चुकवता येत नाही. मलाही येत नव्हता. म्हणून जानेवारीत अडीचशे शब्दांचा गोषवारा पाठवला आणि विसरून गेले. एप्रिलमध्ये उत्तर आलं.

पत्राची सुरुवात होती ‘शानोव्ना पानी दोक्तोर’, म्हणजे ‘आदरणीय डॉक्टर महोदया’. माझी तोंडी परीक्षा व्हायला अजून पाच महिने होते. गाईडना विचारलं, दुरुस्ती कळवू का? ते म्हणाले, ‘‘व्हिसा मिळेपर्यंत डॉक्टरच राहा.’’ पुढची कहाणी सगळ्यांची असते तीच. तीस हजार युरोंचा प्रवास-विमा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, कॉलेजचं ना-हरकत पत्र. त्या पत्रावरचा शिक्का अस्पष्ट म्हणून मुंबईची एक फेरी फुकट गेली. ड्युटी लीव्हच्या अर्जावर आमच्या ऑफिसने ‘पोलंड (परदेश)’ असं लिहून घेतलं. हरकत नव्हती, पोलंड परदेशच आहे.

परिषद पोझनानला होती. वॉर्साहून तिथे रेल्वेने तीनेक तास लागतात. सगळा सपाट मुलूख. खिडकीतून बघताना जाणवलं की डोंगर नावाची गोष्ट डोळ्यांना किती सवयीची झालेली असते. हे शहर १७९३ मध्ये प्रशियाकडे गेलं. पोलंडची फाळणी तीनदा झाली, १७७२, १७९३ आणि १७९५ मध्ये, आणि नंतर १९१८ पर्यंत हा देश नकाशावर नव्हता. एकाच भाषेची माणसं तीन साम्राज्यांत, तीन कायद्यांखाली, तीन प्रकारच्या चलनांत जगली. वेठ रद्द व्हायचं वर्षसुद्धा तिघांचं वेगळं. ऑस्ट्रियाच्या गालिसियात १८४८, रशियाच्या ताब्यातल्या भागात १८६४, आणि प्रशियाकडे १८०७ पासून तुकड्यातुकड्याने. आपल्याकडे मुंबई इलाखा, निझामाचं राज्य आणि वऱ्हाड यांची तुलना करणाऱ्याला ही अडचण ओळखीची वाटेल.

कार्यक्रमपत्रिका हातात पडली तेव्हा पहिला तास ती वाचण्यातच गेला. कुणी कशावर बोलणार याच्याइतकंच बोलणाऱ्यांच्या नावापुढे काय आहे तेही बघण्यासारखं होतं. नुसतं ‘दो.’ म्हणजे पीएच.डी. झालेला. ‘दो. हाब.’ म्हणजे त्यानंतर हाबिलितात्स्या नावाची दुसरी मोठी चाळणी पार केलेला. ही नसेल तर पूर्ण प्राध्यापकपद लांबच. चहाच्या वेळी तरुण मंडळी बोलत होती ती मात्र गुणांबद्दल. तिकडच्या मंत्रालयाच्या यादीत प्रत्येक नियतकालिकाला वीस, चाळीस, सत्तर, शंभर, एकशेचाळीस किंवा दोनशे गुण असतात. निबंध किती चांगला याआधी तो कितीचा, हे विचारलं जातं. मी त्यांना आपल्याकडच्या एपीआयची, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीसाठी मोजायच्या गुणांची, हकिकत सांगितली आणि पाच मिनिटांत आमची ओळख घट्ट झाली. ‘ओपुस’, ‘सोनाता’, ‘प्रेलुदियुम’ अशी नावं कानावर पडत होती. मला वाटलं संध्याकाळी मैफल आहे. ती क्राकुव्हच्या राष्ट्रीय विज्ञान केंद्राच्या अनुदानांची नावं निघाली. संशोधन कुठल्या दिशेला सरकतंय हे या अनुदानांवरून बरंच कळतं, असं एकजण म्हणाला. मोठी आकडेवारी गोळा करणाऱ्या, चारपाच जणांनी मिळून करायच्या प्रकल्पांना बरे दिवस आहेत. एकट्याने दहा वर्षं दप्तरात बसून ग्रंथ लिहिणारा माणूस दुर्मीळ होत चाललाय. म्हणजे मी.

अर्धी परिषद पोलिशमध्ये होती. स्लाइड इंग्रजी, बोलणं पोलिश, असा मधला मार्ग बहुतेकांनी काढला होता. आलेखाला भाषा फारशी लागत नाही म्हणून पहिल्या सकाळी मी मजुरी आणि भावांच्या सत्राला जाऊन बसले.

तिथे ल्वुव्हच्या जुन्या पुस्तकांबद्दल ऐकलं. फ्रांचिशेक बुयाक या प्राध्यापकांनी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आपल्या विद्यार्थ्यांना क्राकुव्ह, ल्वुव्ह, लुब्लिन, वॉर्सा, ग्दान्स्क अशी शहरं वाटून दिली. प्रत्येकाने आपापल्या शहराच्या हिशेबांतून राय, ओट, मेणबत्त्या, विटा, गवंड्याची रोजची मजुरी, असं वर्षावर्षाचं टिपून काढायचं. पोझनानचे यान रुतकोव्हस्की आणि बुयाक यांनी १९३१ मध्ये सामाजिक-आर्थिक इतिहासाचं वार्षिक सुरू केलं. ते अजून निघतं. ल्वुव्ह आता युक्रेनमध्ये आहे, ल्विव्ह म्हणून. आणि वॉर्साचं जुनं दप्तर १९४४ च्या उठावाच्या काळात जर्मनांनी जाळलं. राज्याच्या मुख्य पुराभिलेखागारातले नव्वद टक्क्यांच्या आसपास कागद गेले. त्यामुळे त्या विद्यार्थ्यांनी तीसच्या दशकात हाताने उतरवून काढलेले तक्ते हेच काही ठिकाणी आता मूळ साधन होऊन बसले आहेत. मला पुण्याचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, आठवले. कित्येकांची गाठही सुटलेली नाही. थोडी लाज वाटली, थोडा हेवाही.

आज याच तक्त्यांवर संगणक चालतो. गवंड्याची मजुरी घ्यायची, तिच्यात कुटुंबाचं वर्षाचं धान्य, कापड, सरपण किती वेळा बसतं ते काढायचं, की क्राकुव्ह आणि लंडन एका आलेखावर येतात. पडद्यावर दोन्ही रेषा सोळाव्या शतकात बऱ्यापैकी जवळ होत्या, मग लंडन आणि अॅमस्टरडॅम वर राहिले आणि पोलिश शहरं खाली घसरत गेली. बोलणारा मुलगा तिशीतला, भराभर बोलणारा. आलेख देखणा होता.

मागच्या रांगेतून एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उठले आणि त्यांनी शांतपणे विचारलं, ‘‘हा गवंडी शहरातला. गावातल्या माणसाचं काय?’’

गावातला माणूस म्हणजे जवळजवळ सगळा देश. आणि तो फोल्व्हार्कवर राबत होता. फोल्व्हार्क म्हणजे सरदाराची खासगी शेती, आपल्याकडच्या खासगी शेरीसारखी. फरक असा की ती कुळांच्या वेठीवर चाले. या वेठीला पोलिशमध्ये पान्श्चिझ्ना म्हणतात. १५२० मध्ये कायद्याने ठरलं की एक वान जमीन, म्हणजे सुमारे सतरा हेक्टर, कसणाऱ्याने आठवड्यातला निदान एक दिवस मालकाच्या शेतात काम करायचं. पुढे ‘निदान’ या शब्दाचं काय झालं ते आपल्याला सांगायला नको. जमिनी लहान होत गेल्या, दिवस वाढत गेले. पिकलेलं धान्य व्हिस्तुला नदीतून तराफ्यांवर ग्दान्स्कला जाई आणि तिथून डच जहाजांतून अॅमस्टरडॅमला. १६१८ साली ग्दान्स्कमधून एक लाखाहून जास्त वाश्त धान्य बाहेर गेलं, आणि एक वाश्त म्हणजे दोन टनांहून अधिक.

कुलाचा १९६२ मधला सिद्धान्त इथूनच निघतो. फोल्व्हार्कच्या वह्या बघितल्या तर तो फायद्यात दिसतो. का? तर खर्चाच्या बाजूला मजुरी नाहीच. बैलही कुळाचे, नांगरही त्याचाच. समजा त्या सगळ्या दिवसांची बाजारभावाने किंमत धरली, तर तोच फोल्व्हार्क कित्येकदा तोट्यात जातो. मग खरं काय, फायदा की तोटा? कुलाचं म्हणणं असं की हा प्रश्न आपल्या काळातला आहे, तो त्या वहीवर लादता येत नाही. मालकाला त्या दिवसांचा दुसरा काही उपयोग नव्हता, तेव्हा ते फुकटच होते. त्याच्या दृष्टीने त्याचा हिशेब चोख होता. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून हॉस्टेलच्या गच्चीत फेऱ्या मारल्या होत्या. आता तो युक्तिवाद ज्यांना तोंडपाठ आहे अशा शंभरेक माणसांच्या खोलीत मी बसले होते.

मुलाने उत्तर बरं दिलं. शेतमजुरांची आणि कुळांची कमाई धरून भारित सरासरी काढायचे प्रयत्न गेल्या दहा वर्षांत झालेत, त्याने पुढची स्लाइड दाखवली. मिशावाले गृहस्थ बसले, पण मान हलवत. या दोन माणसांतच मला आजच्या पोलिश आर्थिक इतिहासाची सगळी खेच दिसली. एकाला युरोपच्या मोठ्या तक्त्यात पोलंडची ओळ भरायची आहे, आणि दुसऱ्याला त्या तक्त्याचे रकानेच मान्य नाहीत.

दुपारी आवाज चढले. गेल्या काही वर्षांत तिकडे ‘लोक-इतिहासाचं वळण’ आलं आहे. पोलंडचा इतिहास म्हटलं की श्लाख्ता, म्हणजे सरदार-जहागीरदार. त्यांची संसद, त्यांचे उठाव, त्यांच्या कविता. लोकसंख्येत ते होते आठदहा टक्के. आजच्या बहुतेक पोलिश माणसांचे पणजोबा-खापरपणजोबा वेठीला जात होते, पण शाळेत सगळेच तलवार उपसून उभे असतात. नव्या पिढीच्या लेखकांनी विचारलं, पान्श्चिझ्नाला गुलामी का म्हणायचं नाही? त्यावर आर्थिक इतिहासकारांत फूट पडली. एक गट म्हणतो, कुळाला घर होतं, जमीन होती, वारसा होता, गुलाम हा शब्द चुकीचा. दुसरा म्हणतो, मालकाच्या परवानगीशिवाय गाव सोडता येत नव्हतं, मग तुमचा शब्द काय? मधेच एका बाईंनी गावच्या न्यायालयांच्या नोंदी काढल्या आणि कुळं कशी कर्ज देत-घेत होती, जमिनी विकत होती ते दाखवलं, तेव्हा दोन्ही गट गप्प झाले. असं काही बघितलं की बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी उगाच तीन खोल्यांत फिरले. दोन महायुद्धांमधला काळ तिकडे फार लाडका आहे. १९२४ ची पंतप्रधान ग्राब्स्कींची चलनसुधारणा, ग्दिन्याचं शून्यातून उभं केलेलं बंदर, १९३६ नंतरचा मध्यवर्ती औद्योगिक पट्टा. साम्यवादी काळातल्या कारखान्यांवर आता पुष्कळ चांगलं काम होतंय, कागद खुले झाल्यामुळे. १९९० च्या १ जानेवारीपासून भाव मोकळे केले त्यावर बोलणाऱ्याच्या समोर ते दिवस पगारावर काढलेली माणसं बसली होती, त्यामुळे ते सत्र वेळेत संपलं नाही.

तिसरी खोली परागकणांची. मी चुकून गेले आणि शेवटपर्यंत बसले. तळ्याच्या, दलदलीच्या गाळात थरावर थर साचतात. त्यातले परागकण मोजले की कुठल्या शतकात आसपास राय पिकत होती आणि कधी तिथे जंगल वाढलं ते समजतं. २०२२ मध्ये छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात युरोपातल्या २६१ ठिकाणचे असे नमुने होते, आणि त्या चमूत पोलिश इतिहासकार होते. चौदाव्या शतकातल्या प्लेगने अर्धा युरोप ओस पडला असं आपण शिकतो. या गाळात मात्र तसं सगळीकडे दिसत नाही. पोलंडमध्ये त्याच काळात शेती वाढतच होती. कागद जळाले तरी गाळ राहतो, असं कुणीतरी म्हणालं आणि सभागृह हसलं. मला ते तितकं विनोदी वाटलं नाही.

माझा निबंध दुपारी जेवणानंतर. या वेळेचा शाप सगळ्या देशांत सारखाच. वीस मिनिटं. अध्यक्षांनी माझ्या नावाचा उच्चार बरोबर केला, आडनावाशी मात्र झटापट झाली. मी मोडीतल्या हिशेबाचा फोटो दाखवला तेव्हा लोक सावरून बसले. मग पद्धत सांगितली. रोजची मजुरी पायली-शेरात असेल तर ती मी कोष्टकाने एका मापात आणली आहे. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. जिथे मण सोळा पायल्यांचा दिसतो तिथे तसं धरलं आहे. शेवटी आलेख. माझी रेषा हळूच, सभ्यपणे वर चढत होती.

टाळ्या झाल्या. दोन प्रश्न जातिव्यवस्थेबद्दल आले. परदेशात ते येतातच. मग तिसऱ्या रांगेतल्या एका वृद्ध बाईंनी हात वर केला. माइक घेतलाच नाही. इंग्रजीत विचारलं, ‘‘तुमची मापं हीप्ड होती की स्ट्रक?’’

हीप्ड समजलं. स्ट्रक कळेना. त्यांनी डाव्या हाताची वाटी केली आणि उजव्या तळहाताने वरून काहीतरी पुसून टाकल्यासारखं केलं. आणि मला कळलं. पोटात खड्डा पडला तो त्याच क्षणी. शीग! मापाच्या काठावर उभा राहतो तो धान्याचा ढीग. लहानपणापासून हा शब्द कानावरून गेलेला. शीग लावून, शिगोशीग, नाहीतर सपाट. चार वर्षं पायल्या मोजत होते आणि पायलीच्या काठाच्या वर काय होतं ते एकदाही विचारलं नव्हतं.

‘‘माहीत नाही,’’ मी म्हणाले.

‘‘छान,’’ त्या म्हणाल्या, ‘‘कॉफीच्या वेळी भेटा.’’

कॉफीच्या टेबलावर त्यांनी एक बशीसारखा पसरट कप आणि एक उंच निमुळता ग्लास घेतला, साखरेचं भांडं ओढलं आणि सगळ्यांसमोर ओतायला सुरुवात केली. दोन्हींत काठोकाठ मावत होतं साधारण सारखंच. पण शीग लावली तर पसरट कपावर डोंगर उभा राहिला, ग्लासावर टोपीएवढी. कुलाचं १९७० मधलं मापांवरचं पुस्तक नेमकं याच गोष्टीबद्दल आहे, हे मला माहीत होतं. वाचलं मात्र नव्हतं. आपला विषय नाही म्हणून. त्या भराभर सांगत गेल्या. पोलंडमध्ये धान्याचं माप कोझेत्स. शिगेचं ते चुबाता, सपाट केलेलं ते स्त्रिखोव्हाना, आणि सपाट करायच्या दांडीला स्त्रिखुलेत्स. मालक देणं वसूल करताना शीग घेणार आणि विकताना दांडी फिरवणार. शीग बंद करा असा हुकूम निघाला तर मापच थोडं मोठं होऊन येणार. कमरेच्या उंचीवरून ओतलं तर धान्य सैल बसतं, खांद्यावरून ओतलं तर दाबून बसतं, म्हणून कुठून ओतायचं यावर भांडणं. १७६४ मध्ये संसदेने सगळ्या देशाची मापं एक केली, कागदावर.

रात्री हॉटेलवर मी गणित मांडलं. धान्याची शीग साधारण सत्तावीस अंशांच्या उताराने उभी राहते असं धरू. मापाची त्रिज्या उंचीइतकी असेल, तर शिगेत मापाचा सहावा हिस्सा जादा मावतो. त्रिज्या उंचीच्या दुप्पट असेल, तर तिसरा हिस्सा. माझ्या रेषेचा सगळा चढ शिगेपेक्षा लहान होता.

त्याच संध्याकाळी औपचारिक जेवण होतं. मी गप्प होते. शेजारी मिशावाले गृहस्थ आले. मी महाराष्ट्रातली, कोल्हापूरची, हे कळल्यावर त्यांनी काटा खाली ठेवला आणि म्हणाले, ‘‘वालिवाडे.’’ त्यांच्या नात्यातल्या कुणाचं तरी बालपण तिथे गेलं होतं. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सैबेरिया, मध्य आशिया, इराण असं फिरून आलेली. ‘‘आता तिथे काय आहे?’’ त्यांनी विचारलं. मी सांगितलं, ते गेल्यावर तिथे सिंधी निर्वासित आले आणि आता त्याला गांधीनगर म्हणतात, कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ आहे, माझ्या लग्नाचा बस्ता तिथलाच. त्यांना बस्ता समजावून सांगण्यात अर्धा तास गेला. आर्थिक इतिहासकार असल्यामुळे त्यांनी किंमतीही विचारल्या.

मग त्यांनी मला एक माणूस दिला. स्तानिस्वाव श्चेपानोव्हस्की. गालिसियातल्या दारिद्र्यावर १८८८ मध्ये त्याने आकड्यांचं पुस्तक लिहिलं, ‘गालिसियाचं दैन्य, आकड्यांत’. त्यातलं वाक्य प्रत्येक पोलिश विद्यार्थ्याला माहीत असतं. गालिसियातला माणूस अर्ध्या माणसाएवढं खातो आणि पाव माणसाएवढं काम करतो. ‘‘आणि हे मोजायला तो कुठे शिकला असेल?’’ गृहस्थ म्हणाले. ‘‘लंडनला. तुमच्या इंडिया ऑफिसात नोकरी करत होता.’’ मी बघतच राहिले. ज्या काळात दादाभाई नौरोजी हिंदुस्थानातल्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न वीस रुपये काढत होते, सरकारी अहवालांतलेच आकडे घेऊन, त्याच काळात त्या सरकारच्या कचेरीत एक पोलिश इंजिनियर बसला होता. दोघांची भेट झाली का? तसं म्हणायला आधार नाही, आणि मी म्हणणार नाही. पण दोन परतंत्र देशांचं दारिद्र्य दरडोई मोजायची कल्पना एकाच शहरात, एकाच दशकात घोळत होती, एवढं मला त्या रात्रीपुरतं पुरलं. श्चेपानोव्हस्की पुढे गालिसियात परत गेला आणि तेलाच्या विहिरी खोदायला लागला. दादाभाई पार्लमेंटात गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता नगरभवनाच्या घड्याळातून दोन पत्र्याचे बोकड बाहेर येऊन एकमेकांना टकरा देतात ते बघितलं आणि परतीला निघाले.

गावी गेले ती थेट आत्याकडे. तिच्या माळ्यावर पितळी पट्टीची लाकडी पायली होती, मापटं, चिपटं, सगळं. मी टेप लावून त्रिज्या आणि उंची घेतली. आत्या बघत होती. ‘‘पोलंडास्नं ह्ये शिकून आलीस व्हय?’’ मी विचारलं, खळ्यावर बलुतं देताना शीग लावायचे का? ‘‘मग? गरिबाला सपाट दिऊन तोंड दावायचं कसं?’’ आणि व्यापाऱ्याला? ‘‘त्येचा मापारी त्योच आणायचा की. त्यो काय शीग पडू द्यायचा न्हाई, घ्यायचीच.’’ आणि सावकाराला? आत्या थोडा वेळ गप्प बसली. ‘‘माणूस बघून,’’ म्हणाली. मग तिने मला मापाऱ्याचं मोजणं करून दाखवलं. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, दोन, तीन. एकदा प्रयोग म्हणून खांद्यावरून ओतूनही बघितलं. निम्मे जोंधळे अंगणात गेले आणि कोंबड्यांनी सत्र ताब्यात घेतलं.

कुलाच्या पुस्तकातला मालक सगळीकडे एकाच बाजूने ओढतो. आत्याच्या खळ्यावर तसं नव्हतं. लाज, दबाव, नातं, कुणाचा मापारी आहे, यावर शीग चढे-उतरे. आणि तिच्या आठवणी पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या, माझे हिशेब सव्वादोनशे वर्षांपूर्वीचे. एकावरून दुसरं ठरवणं म्हणजे पुन्हा तीच चूक.

म्हणून परत पुण्याला जाऊन बसले. जुन्या नोंदी पुन्हा काढल्या. या वेळी आकड्यांऐवजी आकड्यांच्या अलीकडचा-पलीकडचा मजकूर वाचायचा. पूर्वी मी तो सोडून देत असे, घाई असायची. तक्त्यात एक नवा रकाना घातला, ‘शीग’. तीन महिन्यांत अकरा ओळी भरल्या. बाकीच्या मोकळ्या. आलेखातली रेषा काढून टाकली आणि तिच्या जागी खालून सपाट, वरून शिगेचा असा राखाडी पट्टा आखला. त्या पट्ट्यात मजुरी वाढली असंही म्हणता येतं आणि नाही असंही.

सगळं पोझनानच्या बाईंना पाठवलं, आत्याच्या व्हिडिओसकट. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. निबंधाबद्दल एक ओळ, व्हिडिओबद्दल नऊ. पायली आतून निमुळती आहे का, कडेला पट्टी नंतर बसवली का, ‘लाभ’ हे माप मोजणीत धरतात की सोडतात. शेवटचा प्रश्न वाचून मी पुन्हा एकदा कपाळाला हात लावला आणि आत्याला फोन केला.

परिषदेतले निवडक निबंध छापणार आहेत. संपादकांनी कळवलंय की तक्ता एका पानात बसला पाहिजे. शिगेचा रकाना काढला तर बसतो. मी पान आडवं केलंय.